कात्री कुणाच्या हाती

पेडणे, कोजागरीच्या आधी, १९५५

अंधार अजून पुरता विरलेला नाही. शेणाने सारवलेल्या ओसरीवर तुम्ही मांडी घालून आहात. समोर चार जुनी लुगडी एकावर एक अंथरलेली, आणि रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात दोन जावा त्यांना धावदोरा घालताहेत. कडेने सुरुवात, मग एक फेरा आत, मग आणखी एक. असे टाके गोधडीच्या मध्यापर्यंत न्यायचे. थोरली जरा सरकते. “बसा हयसर,” म्हणते आणि तुमच्या हातात सुई ठेवते. तिला दोरा ओवून हवा आहे. या उजेडात तिला नेढं दिसत नाही.

हे पोर्तुगिजांचं राज्य आहे. डिचोली आणि सत्तरी अठराव्या शतकाच्या शेवटी त्यांच्याकडे गेली, पाठोपाठ १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणेही गेलं. म्हणून या मुलखाला नव्या काबिजादी म्हणतात. पण इथल्या सोयरिकी तेरेखोल नदीच्या पलीकडच्या आहेत, देवाला कौल लावायची रीत पलीकडच्यासारखी आहे, आणि अक्षरओळख ज्यांना आहे त्यांना ती मराठीची आहे.

धाकटीचा नवरा मुंबईला गिरणीत आहे. दर महिन्याला त्याची मनिऑर्डर यायची, ती थांबली. गोवा मुक्त व्हावा म्हणून भारत सरकारने या प्रदेशाची नाकेबंदी केली आहे. माल अडला, जाणं-येणं अडलं, आणि गोव्यात पैसे पाठवण्याचे मार्गही आवळले गेले. अडीच महिन्यांपूर्वी, १५ ऑगस्टला, याच तालुक्यातल्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या दिवसापासून सीमेकडच्या वाटेचं नाव घरात हळू आवाजात घेतात. धाकटी शिवत राहते. ही गोधडी तिच्या स्वतःच्या घरासाठी नाही. बदल्यात पायलीभर भात मिळायचा आहे.

उजाडल्यावर तुम्ही बाजाराच्या वाटेला लागता. पुनव जवळ आली आहे. भगवतीच्या देवळात झाडलोट चालली आहे. रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगं, म्हणजे देवांचे उंच खांब, वस्त्रं नेसून निघायची आहेत. शिंप्याच्या दुकानातलं सिंगर मशीन रात्रीही थांबलेलं नाही. दुकानाच्या फळीवर माप घ्यायची पट्टी, खडू, आणि वजनदार लोखंडी कात्री. गिऱ्हाईक येतं, शिंपी माप घेतो, कापडावर रेघा ओढतो आणि एका दमात कात्री चालवतो. बटणं लावायचं, काजं करायचं, हातशिलाईचं काम तो आसपासच्या घरांत धाडतो. ते बायका करतात.

धाकटी जावही त्यातलं काम करते. तिचा टाका शिंप्याच्या टाक्याहून बारीक आहे, आणि घरातल्या सगळ्यांच्या खणाच्या चोळ्या ती स्वतः बेतते, स्वतः कापते. म्हणजे कौशल्य तिच्याकडे आहे. पण घरच्या चोळीचे पैसे मिळत नाहीत, आणि ज्या कामाचे पैसे मिळतात त्या कामात कात्री दुसऱ्याच्या हातात आहे. तुम्ही ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक मुक्कामाला पोचल्यावर आधी हेच बघायचं आहे: कापड कोण बेततं?


डिचोली, १९६४

दुपार. भांडी घासून झाली आहेत आणि गुरं परतायला वेळ आहे, तेवढ्या फटीत बाराएक मुली शाळेच्या पडवीत जमल्या आहेत. गोवा मुक्त होऊन तीन वर्षंही झालेली नाहीत. डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव मराठी शाळा उघडताहेत. शिकवायला तेवढे शिक्षक इथे नाहीत, म्हणून तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून गुरुजी आणि बाई येताहेत. तुमच्यासमोर उभ्या असलेल्या बाई त्यांच्यातल्याच. सकाळी बाराखडी, दुपारी शिवण.

बाईंनी दैनिक ‘गोमंतक’चे जुने अंक जमवून आणले आहेत. हे वर्तमानपत्र निघून दोनच वर्षं झाली आहेत. आधी कागद, मग कापड, असा त्यांचा नियम. छातीच्या मापाचा चौथा भाग, त्यात इंचभर सैल; इथे खांदा, इथून मुंढा, इथे गळा. मुली पेन्सिलीने रेघा ओढतात आणि विधानसभेच्या बातम्या मुंढ्याच्या गोलाईत कापल्या जातात. कागदावर त्यांचे हात झरझर चालतात. मग बाई पहिल्या मुलीपुढे खादीचा एक तुकडा ठेवतात, आणि तिचा हात थबकतो.

तिचं भय तुम्हाला समजतं. कागद चुकला तर दुसरा कागद. कापड चुकलं तर घरी काय सांगायचं? शिवलेली टीप उसवता येते. कापलेलं कापड परत जोडलं तरी ते जोडलेलंच दिसतं. शिवणकामातला सगळा धोका कात्रीच्या त्या पहिल्या फटक्यात असतो, म्हणून सगळा मानही तिथेच असतो आणि पैसाही.

“काप गो,” बाई म्हणतात. “चुकलं तर माझ्या नावावर.”

कात्री चालते.

बाई पुण्याच्या सेवासदनात शिकल्या आहेत. संध्याकाळी त्या तुम्हाला तिथली गोष्ट सांगतात, आणि ऐकता ऐकता तुम्ही क्षणभर १९०९ च्या पुण्यात जाता. न्यायमूर्ती रानडे जाऊन आठ वर्षं झाली आहेत. रमाबाई रानडे विधवांना आणि शाळा सुटलेल्या बायकांना एकत्र बसवून शिकवताहेत: लिहिणं-वाचणं, रुग्णसेवा, शिवणकाम. घराबाहेर पडायला बाईला कारण लागत असे, आणि शिवण हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पटणारं कारण होतं. शिवणाच्या निमित्ताने आलेली बाई हिशेब शिकली, नर्स झाली, शिक्षिका झाली. मराठी मुलखातल्या स्त्रीशिक्षणात सुईचा हा वाटा मोठा आहे. दुर्दैवाने तो फारसा सांगितला जात नाही.

पण डिचोलीच्या पडवीतला वर्ग संपतो तेव्हा काय होतं, हेही बघून घ्या. मुलीचं लग्न ठरतं. बस्त्याबरोबर कधी एक पायमशीन मिळतं, कधी पुढे हप्त्याने घेतलं जातं. ते माजघरात खिडकीपाशी ठेवलं जातं. शेजारणी झंपर शिवायला टाकतात. पैसे कधी येतात, कधी शेवग्याच्या शेंगा येतात. कापड चुकलं तर भरपाई तिने द्यायची. आता तिच्या नावावर घ्यायला बाई नसतात. म्हणून हळूहळू ती नवं काही कापायचं टाळते. फॉल लावते, उसवलेलं शिवते, मुलांच्या चड्ड्या शिवते. काही वर्षांनी मशीनवर क्रोशाचा रुमाल येतो, त्याच्यावर देवाचा फोटो.

मशीन आहे, हात आहे, शिक्षण आहे. एकटीला सोसवेल एवढी जोखीम मात्र फारच लहान आहे.

याच सुमारास सहकाराचा दरवाजा किलकिला झाला आहे. मुक्तीनंतर महाराष्ट्राचा सहकार कायदा गोव्याला लागू झाला. गोव्याने स्वतःचा कायदा केला तो २००१ मध्ये. आणि मुंबईत, गिरगावात, १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जतच्या त्या बायकांनी पहिल्यापासून एक ठरवलं होतं: नफा आणि तोटा दोन्ही लाटणारणींचा. ही बातमी डिचोलीच्या पडवीपर्यंत अजून पोचलेली नाही. पोचायला हवी होती.


डिचोली, ऑक्टोबर २०१२

रस्त्यावर पाऊल ठेवता आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आवाज नाही. या तालुक्याचा आवाज म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांचा. एकामागून एक, दिवसभर, लाल धूळ उडवत. २०१० च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास लोहखनिज बाहेर जात होतं, आणि त्याचा मोठा भाग डिचोली आणि सांगे या पट्ट्यातला. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आता ट्रक घरांच्या अंगणात उभे आहेत. बँकेचे हप्ते मात्र उभे राहत नाहीत.

शेतं तर कधीच गेली. खाणीचा गाळ पावसात खाली उतरून भातशेतीत बसला, विहिरींचं पाणी खोल गेलं, आणि शेती सोडून पुरुष ट्रकवर चढले. त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं होतं. घरात एकच कमाई आणि ती एकाच धंद्यातून. तो धंदा एका आदेशाने थांबला.

एका घराच्या पुढल्या खोलीत तुम्ही आत येता. स्वयंसाहाय्य गटाची बैठक आहे. डिचोलीत, पेडण्यात, सत्तरीत असे गट गावोगाव आहेत. हा त्यांच्यातला कुठलाही एक. दहा-बारा बायका गोल बसल्या आहेत, मध्ये एक लोखंडी पेटी आणि तीन वह्या. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून देशभर या गोलाचे नियम तेच आहेत: ठरल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, त्या बचतीतून आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड, आणि लिहिलेला हिशेब. सहा महिने हे नीट चाललं की बँक कर्ज देते, आणि तारण मागत नाही. एकमेकींना ओळखणं हेच तारण.

आतापर्यंत कर्ज निघायचं ते आजारपणाला, लग्नाला, चतुर्थीच्या सामानाला. आज विषय वेगळा आहे. एक वहिनी म्हणते की तिच्याकडे मशीन पडून आहे. दुसरी म्हणते, माझ्याकडेही. मोजता मोजता गटात पाच मशीनं निघतात, पाचही क्रोशाच्या रुमालाखाली. शाळेचे गणवेश म्हापशाच्या दुकानांतून येतात. ते आपण शिवले तर?

“शिवू गे. पण कापतली कोण?”

सगळ्या गप्प. मग कोपऱ्यातल्या काकीकडे सगळ्यांचे डोळे वळतात. काकी साठीच्या आहेत. लहानपणी शाळेच्या पडवीत कुठल्याशा बाईंकडे शिकल्या होत्या. पंचवीस वर्षांत त्यांनी नवं कापड कापलेलं नाही. त्या मान हलवतात, नको म्हणतात. एक मीटर चुकलं तर कोण भरणार?

आता जे होतं ते नीट बघा, कारण या सगळ्या प्रवासात बघण्यासारखं हेच आहे. हिशेब लिहिणारी तरुण सून वही उघडते आणि म्हणते की चुकलेल्या कापडाचा खर्च गटाच्या खात्यातून जाईल. कुणा एकीच्या मजुरीतून कापायचा नाही. त्यावर वाद होतो. एक म्हणते, मग कुणीही निष्काळजीपणाने कापेल. दुसरी म्हणते, तसं झालं तर बैठकीत विचारू. तिसरी म्हणते, चुकलेल्या कापडाच्या पिशव्या शिवू, चिंध्यांच्या गोधड्या करू, अगदीच वाया काही जात नाही. शेवटी ठराव लिहिला जातो, खाली सह्या होतात. ज्यांना सही येत नव्हती त्याही गेल्या दोन वर्षांत शिकल्या आहेत.

काकी उठतात. खडू हातात घेतात. १९६४ च्या पडवीत बाईंनी एकट्यांनी उचललेली जोखीम आज बारा जणींनी वाटून घेतली आहे. सहकार म्हणजे काय, हे तुम्हाला पुस्तकात न सापडेल इतकं लख्ख इथे दिसतं.

पुढचं सगळं शिकण्यासारखं आहे, म्हणून काही दिवस इथेच राहा. काम वाटलं जातं: एक कापणारी आणि तिच्या हाताखाली एक शिकणारी, तीन-चार टीप मारणाऱ्या, एक काज-बटणाला, एक इस्त्रीला. ओव्हरलॉकचं मशीन गटाच्या कर्जातून येतं, कारण कडा सुटलेला शर्ट दुसऱ्यांदा कुणी घेत नाही. नगाचा दर कामागणिक ठरतो आणि फळ्यावर लिहिला जातो, सगळ्यांना दिसेल असा. समजा, एका गणवेशामागे कापड, दोरा, बटणं, वीज आणि सगळ्यांची मजुरी जाऊन वीस रुपये उरले. ते वीस रुपये शिंप्याच्या दुकानात मालकाचे असते. इथे ते पेटीत पडतात. त्यातून एखादीच्या मुलाची आयटीआयची फी भरली जाते, एखादीच्या नवऱ्याच्या ट्रकचा हप्ता एक महिना तग धरतो. पेटीतला पैसा गटातल्याच घरांच्या कामी येतो.

सरकारने याच वर्षी ‘गृह आधार’ योजना सुरू केली; घर चालवणाऱ्या बाईच्या खात्यात महिन्याला हजार रुपये. त्याची गरज होती, आहे. पण या खोलीतल्या बायकांच्या तोंडावर जे तेज आहे ते खात्यात आलेल्या पैशाचं नाही. नगाचा दर काय असावा, यावर त्यांचं मत विचारलं गेलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा.


डिचोली तालुका, २०१५ ते २०१८

शिवणाच्या खोलीतून शेजारच्या वाटेला वळा. इथे सुई नाही, पण गोष्ट तीच आहे. जयश्री परवार आणि त्यांच्या ‘सहेली’ गटाने कोईमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांचं यंत्र आणलं आहे आणि त्या सॅनिटरी पॅड बनवताहेत, ‘सखी’ नावाने. पाइन लाकडाचा लगदा मोकळा करायचा, साच्यात दाबून गादी करायची, वरचं आवरण चिकटवून कडा बंद करायच्या, मग अतिनील प्रकाशाच्या पेटीत निर्जंतुक करायचं. प्लास्टिक नसल्याने वापरलेलं पॅड मातीत विरघळून जातं.

खोलीत उभं राहिल्यावर तुम्हाला यंत्रापेक्षा बाहेरची कुजबुज जास्त ऐकू येते. ज्या गोष्टीचं नाव घरात घेत नाहीत ती विकायची? दुकानदार पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि हळूच पुढे ढकलतो. या बायकांना माल बनवण्याआधी बोलणं बनवावं लागलं. शेजारणीशी, सुनेशी, शाळेतल्या मुलींशी. एकटी बाई हे बोलली असती तर गावाने तिला वेड्यात काढलं असतं. चार जणी मिळून बोलल्या, तेव्हा ते गटाचं म्हणणं झालं.

२०१८ च्या फेब्रुवारीत मुरुगनंतम यांच्या आयुष्यावरचा ‘पॅडमॅन’ हा चित्रपट लागतो, आणि गोव्याच्या या गटाचं नाव बाहेरगावी पोचतं. त्याच वर्षी जुलैत देशभर सॅनिटरी पॅडवरचा बारा टक्के जीएसटी हटतो. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यामुळे, डिचोलीतले ट्रक दुसऱ्यांदा थांबतात. पहिल्या वेळी घरं कोसळल्यासारखी झाली होती. या वेळीही हाल आहेत, पण ज्या घरांत दुसरी कमाई उभी आहे त्या घरांत रात्री चूल पेटायची थांबत नाही. धंद्यांचं वैविध्य हा शब्द अर्थतज्ज्ञ वापरतात. डिचोलीत ते वैविध्य बऱ्याच अंशी बायकांच्या खोल्यांत तयार झालं.


पेडणे, एप्रिल २०२०

पत्रादेवीचा नाका बंद आहे. पासष्ट वर्षांपूर्वी तुम्ही ज्या सीमेची दहशत पाहिली होती ती वाट पुन्हा सुनसान आहे. या वेळी करोनाच्या आजारामुळे. किनाऱ्यावरची हरमल, मोरजी, मांद्रे रिकामी. हॉटेलं बंद, टॅक्सी बंद, आणि मास्क कुठेच मिळत नाहीत. औषधाच्या दुकानात जे आहेत ते डॉक्टर-नर्सना हवेत.

गटाच्या खोलीत एकत्र बसता येत नाही. म्हणून काम घरोघरी जातं. एकजण कापते: सुती कापड, दोन थर, एक माप मोठ्यांचं, एक लहानांचं. कापलेले तुकडे पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यात बांधून घरांच्या गडग्यावर ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी शिवलेले मास्क तिथूनच उचलले जातात, गरम पाण्यात धुतले जातात, इस्त्री फिरते. इलॅस्टिक संपतं; ते मुंबईहून यायचं आणि मुंबई बंद आहे. मग त्याच कापडाच्या नाड्या काढतात, कानाऐवजी डोक्यामागे बांधायच्या. नाडीचा मास्क म्हाताऱ्यांना जास्त आवडतो, कान दुखत नाहीत.

हे मास्क पंचायतीत जातात, रेशनच्या दुकानात जातात, पोलिसांना जातात. गोव्याचे पहिले सातही रुग्ण १९ एप्रिलपर्यंत बरे होतात आणि महिनाभर राज्याला उसंत मिळते. पुढे लाट येते, मोठी, दुःखाची. त्या सगळ्या काळात ज्या वस्तूने तोंड झाकलं गेलं ती या घरांतून निघाली होती. कुणी आदेश दिला म्हणून हे इतक्या लवकर झालं नाही. बैठक कशी घ्यायची, काम कसं वाटायचं, कापणारीवर विश्वास कसा ठेवायचा, हे त्या वर्षानुवर्षं शिकत आल्या होत्या. संकटाच्या आठवड्यात संस्था उभी करता येत नाही. आधी उभी असलेलीच उपयोगी पडते.


पत्रादेवीच्या पलीकडे, सिंधुदुर्ग, २०२४

आता सीमा ओलांडा आणि एक कडू धडा बघून या. महाराष्ट्राने यंदा सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राज्यभर एकच गणवेश ठरवला आहे, आणि शिवायचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना दिलं आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेलं हे महामंडळ, हजारो गट, लाखो मुलं. कागदावर यापेक्षा चांगली योजना सुचणार नाही. तुम्हीही आशेने जाता.

गटाच्या खोलीत मशीनं तयार आहेत, बायका तयार आहेत, कापड आलेलं नाही. जून जातो, जुलै जातो. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला कित्येक शाळांत मुलं जुन्या कपड्यांत उभी राहतात. कापड येतं तेव्हा ते कापलेलं येतं. मापं ठरीव, तुकडे तयार. गटाने फक्त टीप मारायची. शिलाई नगामागे शंभर रुपयांच्या घरात. शिवून झाल्यावर कुणाला आखूड, कुणाला ढगळ. दुरुस्ती करायला कापडात दाब सोडलेला नाही. आईबापांचा राग समोर दिसणाऱ्या गटावर निघतो, कारण कापणारा कुणालाच दिसलेला नाही. डिसेंबरात सरकार निर्णय बदलतं आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवतं.

तुम्हाला १९५५ चं पेडणं आठवेल. शिंप्याकडून बटणं लावायला येणारं काम आणि वरून येणारे कापलेले तुकडे यांत फरक किती? मधल्या सत्तर वर्षांत बाईने कात्री हातात घेतली होती. एका योजनेने ती परत काढून घेतली, आणि वाईट हेतूने नव्हे, घाईने आणि मोठ्या प्रमाणावर करण्याच्या हौसेने. शाळा गावात, मुलं गावात, माप घेणारी गावात. मग कापड बेतायला ते शेकडो मैल दूर का गेलं? गटांना मजुरी मिळाली, पण माप घेण्याचा, चूक दुरुस्त करण्याचा, मुदत ठरवण्याचा अधिकार मिळाला नाही. असा अधिकार नसलेल्या गटाला सहकारी संस्था म्हणणं बरोबर नाही. तो पसरलेला कारखाना आहे.


पेडणे आणि डिचोली, आज

परत या. मोपाच्या पठारावर विमानं उतरताहेत. जानेवारी २०२३ पासून मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ चालू आहे. धारगळ-तोर्से पट्ट्यातल्या जमिनींचे भाव चढले आहेत आणि किनाऱ्यावर नवी हॉटेलं उभी राहताहेत. प्रत्येक खोलीला चादरी, अभ्रे, पडदे, टेबलावरचे रुमाल, कामगारांचे गणवेश. यातलं पुष्कळसं ट्रकांतून बाहेरून येतं. ज्या तालुक्याने जमीन दिली त्या तालुक्यातल्या शिवणाच्या खोल्यांना त्यातलं किती काम मिळतं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला पाहिजे, मोठ्याने आणि दर वेळी.

काम काय फक्त हॉटेलांचंच आहे? दशावतारी मंडळींचे झगे, शिगम्यातल्या रोमटामेळांचे पोशाख, भजनी मंडळांचे कुर्ते, अंगणवाडीच्या बाहुल्या, शाळांचे गणवेश. पेडण्यात आणि डिचोलीत वर्षभर काही ना काही शिवलं जातंच. गटांना दया नको आहे. त्यांना ऑर्डर हवी आहे, ती वेळेत हवी आहे, आणि पैसे ठरल्या दिवशी हवे आहेत. उधारी सहा महिने थकली की बँकेच्या हप्त्यासाठी गट मोडतो. हे दुखणं गावोगाव आहे आणि त्याला औषध एकच, वेळेवर पैसे.

मशीन वाटपाचे कार्यक्रम दर निवडणुकीआधी होतात. मशीन मिळणं चांगलंच. पण इतक्या वर्षांतून फिरून आल्यावर तुम्हाला कळलं आहे की रुमालाखाली झाकलेली मशीनं या गावांत तेव्हाही होती, आजही आहेत. मशीनवरचा रुमाल काढायला तीन गोष्टी लागल्या. कापायचं शिक्षण, चुकीचा खर्च वाटून घेणारा गट, आणि दारात येणारं गिऱ्हाईक. पहिली गोष्ट शाळेच्या पडवीतल्या बाईंनी दिली. दुसरी या बायकांनी स्वतः उभी केली. तिसरी तुमच्या हातात आहे.

तेव्हा शाळेच्या पालकसभेत असाल तर गणवेशाचा विषय मार्चमध्येच काढा. सांगा की माप आपल्या गावातल्या गटाने घ्यावं, कापड त्यांनी निवडावं, दाब सोडून शिवावं, म्हणजे वाढत्या मुलाला दोन वर्षं पुरेल. पंचायतीत असाल तर एक खोली, वीज आणि वर्षाची ऑर्डर लेखी द्या. हॉटेल चालवत असाल तर पन्नास अभ्र्यांपासून सुरुवात करा. आणि नुसतेच गिऱ्हाईक असाल तर पहिलं कापड घेऊन जा, माप द्या, आणि पहिल्या शर्टाची बाही अर्धा इंच चुकली तर तिथेच बसून ती दुरुस्त करून घ्या. दुसरा शर्ट चुकणार नाही.